उलट्या पावलांची पलटण

साहेबांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, बूट काढायला सांगितले. मी नुकताच बदलून त्या बटालियनमध्ये आलो होतो, लोखंडी पेटी अजून खांद्यावरच होती. समोर एक लुकडा लेफ्टनंट, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मिशी जेमतेम फुटलेली. मी बूट-मोजे काढले. साहेब उकिडवे बसले आणि माझ्या पायांची बोटं एकेक करून फाकवून पाहू लागले. बाजारात बैलाचे दात पाहतात तसं. फौजेत माझी आठ वर्षं झाली होती, पण एखाद्या अधिकाऱ्याने माझ्या पायाला हात लावल्याचं आठवत नव्हतं. मी संकोचून पाय मागे घेतला, तर हिंदीत दटावलं, "सीधा रखो."

जिल्हा विचारला. मी चंद्रपूर म्हणताच हिंदी गळून पडली.

"कुठचा गा?"

"कोरपन्याकडचा, साहेब."

"मंजे कापूसवाले तुमी. म्हणून पाय असे कोरडे. मी सावली तालुक्यातला, धानवाला. आमच्या इकडे चार महिने पाय चिखलात राह्यते. बोटाइच्या मधात चिखल्या झाल्या का भला माणूस रडते." मग माझे मोजे उन्हाकडे धरून पाहिले. "हे फेकून दे. नवे घे. नाव नंतर सांगजो."

असा आमचा परिचय. रोज संध्याकाळी प्लाटूनच्या तिसेक जणांचे पाय तपासायचे, हा त्यांचा नेम होता. दुसऱ्या कंपन्यांतले लोक आम्हाला हसायचे. हे अधिकारी नाहीत, नालबंद आहेत, असं म्हणायचे. साहेबांना ते ठाऊक होतं. त्यांचं काही बिघडत नसे.

गेल्या पौषात साहेब गेले. मी इथे कोरपन्याजवळ एका सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकावर उभा असतो. आठ तास ट्रकांचे नंबर लिहायचे, घरी जाऊन टोपी झटकायची, तरी डोक्यातली पांढरी भुकटी जात नाही. बातमी मला ड्युटीवरच कळली. त्या दिवशी चार नंबर चुकीचे लिहिले. रडू वगैरे आलं नाही. या वयात माणूस थकतो आणि दुःखसुद्धा सवडीने येतं. त्यांच्याबद्दल लिहून ठेवावं असं तेव्हापासून वाटतंय, कारण जे घडलं ते पुरतं माहीत असलेले आम्ही दोघंच होतो आणि आता मी एकटा आहे.

साहेबांना आवाज नव्हता. मैदानावर हुकूम सोडला तर तिसऱ्या माणसाच्या पुढे जायचा नाही. फौजेत हे म्हणजे सुताराला हात नसण्यासारखं. त्यांनी त्यावर आपली तोड काढली होती. पहिल्या माणसाला हळूच सांगायचं, तो पुढच्याला सांगणार, तो त्याच्या पुढच्याला. आमचे सुभेदार वयाने मोठे, गळा असा की छावणीच्या पलीकडची कुत्री उठावीत. ते म्हणायचे, साहेब, मी ओरडतो तुमच्या वतीने. साहेब नको म्हणायचे. "वरडलं का माणूस आवाज ऐकते, गोष्ट नाई ऐकत," हे त्यांचं उत्तर सुभेदारांना मी हिंदीत समजावून सांगितलं होतं. सुभेदारांनी मान हलवली आणि आयुष्यभर काही त्यांना ते पटलं नाही.

खाण्यापिण्याचे सोस नव्हते, भात सोडून. पोळी समोर आली की चेहरा पडायचा. रजेवरून येताना उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाची पिशवी आणायचे आणि लंगरमधल्या स्वयंपाक्याच्या मागे लागायचे. पुढे बर्फाच्या मुलखात गेलो तेव्हा उंचीवर भात शिजेना. दोन-दोन तास आच लावली तरी कणी राहायची. गोळ्या सुटत असताना न चिडणारा हा माणूस त्या कच्च्या भातापुढे खरंच हैराण व्हायचा. "सांग बरं, इथं लोकं जगतेत कसे?" असं मला विचारायचे. तिथे कोणी जगत नव्हतंच, फक्त आम्ही होतो आणि समोरच्या डोंगरावर ते होते.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं वेड म्हणजे उलटं चालणं. हे समजायला भाताचा रोवणा ठाऊक हवा. मी कापसाच्या मुलखातला, मला ठाऊक नव्हता. सावलीकडे बायका बांधीत, भाताच्या खाचरात, ओळीने वाकून उभ्या राहतात आणि भाताची रोपं, पऱ्हे, चिखलात खोवत एकेक पाऊल मागे सरकतात. पुढे सरकलं तर लावलेलं तुडवलं जाईल. सगळी ओळ एकदम मागे यायला लागते. मधलीच एखादी रेंगाळली तर आजूबाजूच्या मागे निघून जातात, आणि तिच्या तिन्ही बाजूंना रोपं उभी राहून ती मधेच कोंडली जाते. मग बाकीच्या हसतात. म्हणून ज्या चांगल्या रोवणाऱ्या असतात त्या शेजारणीचा हात मंदावलेला पाहिला की न बोलता तिच्या पट्टीतल्या चार काड्या आपणच लावून घेतात. साहेबांची आई त्यात नावाजलेली. बाप लहानपणीच गेलेला. आईच्या एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला मोठी बहीण, असे दोघं तिच्यासोबत रोवण्याला जात. तिथून शाळा, चंद्रपूरचं कॉलेज आणि मग फौज.

तर हे सगळं त्यांनी आमच्या प्लाटूनमध्ये आणलं. शांततेच्या दिवसांत, मैदानी छावणीत, रोज अर्धा तास. हातात रायफल, कमरेत वाकायचं, तोंड पुढे आणि चालायचं मागे. मान वळवायची नाही. टाच टेकून जमीन चाचपायची, मगच अंग टाकायचं. "मागं पाहाचं नाई, पाय पाहते," हे त्यांचं वाक्य इतकं कानावर पडलं की सांगली-साताऱ्याची पोरंसुद्धा ते आमच्या बोलीत म्हणायला लागली. शेजारचा मंदावला तर त्याची पट्टी आपली, हा दुसरा नियम. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे बदाबदा पडलो. बटालियनभर आमचं नाव झालं, उलटी पलटण. मला त्या काळात साहेबांचा मनापासून राग यायचा. घरी बायकोला पत्रात लिहिलं होतं की अधिकारी आपल्या जिल्ह्याचा आहे पण थोडा सरकलेला आहे.

एकदा मी विचारलंच, "साहेब, फौज पुढे जाण्यासाठी असते ना?"

"पुढं त सगळेच जातेत," साहेब म्हणाले. "वापस येताना ओळ तुटते."

त्या उन्हाळ्यात वर बर्फाच्या मुलखात लढाई लागली. आम्हाला एका डोंगराच्या सोंडेवरून चढून दगडी बंकर घ्यायचा होता. साहेब धरून अठ्ठावीस जण निघालो. मी त्यांच्यामागे, पाठीवर रेडिओचा सेट. हिशोब असा होता की अंधारातच वर पोचायचं. पण दगड सुटे होते, एकेक पाऊल दोनदा टाकावं लागत होतं, आणि आम्ही बंकरच्या खाली दीडशे-दोनशे हातांवर असताना उजाडलं. चूक कोणाची नव्हती. डोंगर नकाशात दिसतो त्याहून मोठा होता.

उजेड झाल्याबरोबर वरून मशीनगन सुरू झाल्या, दोन. लपायला गुडघाभर दगडसुद्धा नव्हते. पहिल्या पाच मिनिटांत आमचे दोघं गेले, एक साताऱ्याचा नाईक आणि एक भंडाऱ्याकडचा शिपाई. चौघं जखमी. डावीकडची गन आम्हाला आडवं झोडपत होती. ती चालू असेपर्यंत वर, खाली, कुठेच हलता येत नव्हतं. साहेबांनी माझ्याकडून दोन हातगोळे घेतले, स्वतःचे दोन होते. "तू इथीच राय," एवढंच बोलले आणि पोटावर सरपटत निघाले. एकटे. कोणाला सोबत घेतलं नाही, कोणाला विचारलं नाही. मी त्यांच्या बुटांचे तळवे पाहत होतो. ते दगडांमागे दिसेनासे झाले, मग पुन्हा दिसले, खूप वर. एक गोळा फुटला, दुसरा फुटला, आणि डावी गन थांबली. तिसऱ्याच्या धुरातून ते घसरत खाली आले तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं नव्हती आणि कानातून रक्त येत होतं. मी पट्टी बांधायला लागलो तर म्हणाले, "पोराइचं पाणी किती राह्यलं ते पाह्य पहिले."

पाणी संपलं होतं. गोळ्या संपत आल्या होत्या. उजवीकडची गन उंचावर होती, तिथपर्यंत जायला आडोसाच नव्हता. तेवढ्यात सेटवर खालून हुकूम आला. जिथे आहात तिथेच थांबा, अंधार पडेपर्यंत जागा धरून ठेवा. सकाळचे सहा वाजले होते. मी पुढ्यात उतरवलेल्या सेटचा हँडसेट साहेबांच्या कानाला लावला. त्यांनी हुकूम ऐकला. चौघा जखमींकडे पाहिलं. मग उरलेल्या तीन बोटांनी सेटचा खटका बंद केला.

पहिल्या माणसाला त्यांनी हळूच काहीतरी सांगितलं. तो पुढच्याला बोलला. आम्ही ओळ धरली, वाकलो, तोंड गनकडे, आणि टाच टेकवत मागे सरकायला लागलो. जखमी दोघादोघांच्या मधे. कोणी थांबला की शेजारचा त्याची बाजू धरून गोळी चालवायचा आणि ओळ त्याच्यासाठी थांबायची. मान कोणी वळवली नाही. साहेब ओळीच्या पुढे, म्हणजे गनच्या सगळ्यात जवळ, तेही उलटे. तीन तास लागले. खाली नाल्यात पोचलो तेव्हा सव्वीस होतो. ते दोघं तेवढे वर राहिले.

दुसऱ्या रात्री त्याच सोंडेवर दुसरी प्लाटून पाठवली. त्यांनी बंकर घेतला, आमच्या दोघांना खाली आणलं. त्यांचे पाच गेले.

चार दिवसांनी आम्हाला तंबूत बोलावलं. बटालियनचे मोठे साहेब बसले होते. तीन रात्री झोप नाही हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त विचारायचं होतं. मला विचारलं, हुकूम मिळाला होता का? मी रात्रभर घोकून ठेवलेलं उत्तर दिलं, "सेट बंद पडला होता, साहेब."

आमचे साहेब हाताला फडकं बांधून बाजूला उभे होते. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. "सेट ठीक होता सर. हुकूम ऐकला. मी बंद केला. हा मला वाचवायला खोटं बोलतोय."

मोठ्या साहेबांनी समोरचा कागद घडी करून ठेवला. मग आम्हाला जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर साहेबांनी मला दगडाआड नेलं. मला वाटलं, आता म्हणतील, कशाला नोकरी धोक्यात घातलीस. ते इतके चिडले होते की आवाज पहिल्यांदाच मोठा झाला. "खोटं काऊन बोलला बे तू? उद्या कोण्या पोराचा सेट खरंच बंद पडन. तो सांगन बंद पडला, अन् हे लोकं म्हणतीन का हे सगळे असंच सांगते. मंग त्यानं काय कराचं?" एवढं बोलून ते तसेच निघून गेले. संध्याकाळी मात्र पाय तपासायला आले. माझे तपासले आणि मोजे बदल म्हणाले.

त्यांना शिक्षा वगैरे झाली नाही. पदकांच्या यादीतही नाव आलं नाही. हातगोळ्यांची गोष्ट सांगणारे आम्हीच, आणि आम्हाला कोणी विचारलं नाही. पाच वर्षांचं कमिशन होतं, ते संपल्यावर पुढे वाढवलं नाही, एवढंच. साहेब बॅग घेऊन सावलीकडे आपल्या गावी आले आणि शेती करायला लागले. मी पेन्शन होईपर्यंत राहिलो.

लोकांच्या तोंडावर मात्र हात कोण ठेवणार! रजेवर आलेल्या कुणा फौजीने काहीतरी अर्धवट सांगितलं आणि गावात ठरून गेलं की साहेब लढाईतून पळून आले. तोंडावर कोणी बोलत नसे, पानटपरीवर बोलत. साहेबांनी एका शब्दाने खुलासा केला नाही. मलाही बजावलं होतं, "ते दोघं वर राह्यले ना, त्याइच्या घरी काय वाटन? चूप राय." मी चूप राहिलो. आदेश पाळण्यात मी आळशी आहे, पण चूप राहण्यात काय कष्ट पडतात?

एकदा मार्कंड्याच्या जत्रेहून येताना मी त्यांच्याकडे वाट वाकडी केली होती. एकदा रोवण्याच्या दिवसांत या, अशी त्यांच्या बहिणीने तेव्हा गळ घातली. बहिणीला ते बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. नवरा गेल्यावर ती भावाकडेच राहायला आली होती. साहेबांनी लग्न केलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मी गेलो. पाहतो तर बांधीत पंधरा बायकांची ओळ, आणि मधे धोतर खोचलेले साहेब. गडीमाणसं बांधावर, धुऱ्यावर, पऱ्ह्याच्या पेंड्या वाहत होती. रोवणा बायांचं काम. बाप्या ओळीत उभा राहिलेला त्या गावाने पाहिला नव्हता. साहेबांचा डावा हात अधू, काडी नीट खोवता येत नव्हती, ते मागे पडत होते.

"ओ साहेब, कोंडून राह्यले तुमी! सरका ना बाप्पा!" एक म्हातारी ओरडली आणि सगळी ओळ खिदळली. शेजारच्या दोघींनी बोलणं न थांबवता त्यांच्या पट्टीत भराभर काड्या लावल्या आणि त्यांना बाहेर काढलं. साहेब मनापासून हसत होते. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी धुऱ्यावर उभा राहून उगाच रुमालाने चष्मा पुसत होतो.

मग साहेब जाण्याच्या चार-पाच महिने आधी, ऑगस्टमध्ये, बाईचा फोन आला. ग्रामपंचायतीत गावातल्या माजी सैनिकांच्या नावांचा फळा लागायचा होता. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत नावं नक्की होणार होती. भावाच्या नावावर काही लोक कुरकुरत होते.

"तो काई बोलाचा नाई," बाई म्हणाली. "तुमी होते ना तिथी? तुमी येऊन सांगा. मले इतकी वर्षं लोकाइचं ऐकून घ्याचा कंटाळा आला भाऊ. माझा भाऊ पळून आला का नाई, एवढं मले या गावात एकडाव ऐकू द्या."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं, नुसता थकवा होता. मी रजा टाकली.

सभेला साठ-सत्तर माणसं होती. साहेब मागच्या खांबाला टेकून बसले होते. मला पाहून त्यांनी भुवई चढवली, बाकी काही नाही. सरपंच एक तरुण स्त्री होती. फळा लिहिणारे म्हातारे गुरुजी खडूने यादी करत होते. गुरुजी सरळ माणूस. म्हणाले, नाव टाकायला माझी हरकत नाही, पण लोक विचारतात, तर खरं काय ते कळू द्या. मी उठलो. आयुष्यात भाषण केलं नव्हतं. डोंगर सांगितला, उजाडलं ते सांगितलं, साहेब एकटे सरपटत गेले ते, बोटं, आणि मग ओळ. ओळीचं सांगताना मागे बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. त्यांना कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. सेटवरचा हुकूम मी सांगितला नाही. दुसरी रात्रही सांगितली नाही. टाळ्या पडल्या. बाईने पदर तोंडाला लावला.

"पूरं सांग," मागून साहेब बोलले.

मी खाली बसलो. मग ते स्वतः उठले. त्यांचा आवाज तसाच, पहिल्या दोन रांगांपुरता, पण सभा इतकी चिडीचूप झाली की सगळ्यांना ऐकू गेलं. हुकूम थांबण्याचा होता, मी तो मोडला. मी जागा सोडली म्हणून दुसऱ्या रात्री दुसरे गेले. त्यातले पाच वापस आले नाई. आम्ही दिवसभर टिकून राहिलो असतो तर कदाचित ते पाच जगले असते. कदाचित आम्ही सगळेच मेलो असतो. "मले मालूम नाई. म्हणून मी काई बोललो नाई. फळ्यावर नाव टाका का नोका टाकू, मले काई म्हणाचं नाई." ते बसले.

सरपंचांनी माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "भाऊ, तुमी तिथी होते. तुमीच सांगा, याइनं बरोबर केलं का चूक केलं?"

साहेबांनी मान वर केली. माझ्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता आणि आता ते उत्तराची वाट पाहत होते. बरोबर केलं, हे दोन शब्द मी बसमध्ये तीनशे वेळा घोकले होते. तोंडाशी आले आणि तिथेच अडकले. माझी मुलगी त्या लढाईनंतर दीड वर्षांनी झाली. तिला आता दोन पोरं आहेत. ती माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि त्या पाच घरांत कोण कोण झालं नाही, तेही आलं.

"मले काय विचारता ताई," मी म्हणालो. "मी जिता आहो."

शेवटी साहेबांची बहीणच उठली. "लिवा गुर्जी नाव," ती म्हणाली. "अन् लोकाइले सोडा आता, बांध्या खोळंबल्या आहेत." गुरुजींनी लिहिलं. माणसं पांगली.

साहेब मला फाट्यापर्यंत सोडायला आले. बस यायला वेळ होता. आम्ही निवाऱ्याच्या ओट्यावर बसलो. साहेब थकलेले दिसत होते, श्वास लागत होता.

"ओळीतल्या बाकी सगळ्याइले विचारलं मी," ते म्हणाले. "फोन करून. दोघातिघाइच्या घरी जाऊन आलो. सगळे म्हणतेत, साहेब, तुमी बरोबर केलं."

"मले काऊन नाई विचारलं मंग?"

"त्याइले हुकूम आलता हे मालूमच नव्हतं तवा. नंतर समजलं. हुकूम ऐकणारे दोघंच, मी अन् तू. ऐकून बंद करणारा मी एकटा." ते हाताच्या उरलेल्या बोटांकडे पाहत होते. "त्या टायमाले तुया मनात काय आलं असन, हा साहेब पागल झाला का काय, एवढंच मले विचाराचं होतं. हिंमत नाई झाली."

बस दूर वळणावर दिसत होती. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

"साहेब," मी म्हणालो, "तुमी खटक्याले हात लावला, तवा माझं बोट आधीच तिथी होतं. मीच बंद करून राह्यलो होतो. तुमचा हात वरून आला."

बस येऊन उभी राहिली, कंडक्टरने घंटी दिली, तरी मी उठलो नाही आणि त्यांनी मला उठ म्हटलं नाही.

"अन् हे तू आता सांगून राह्यला बे?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.